हात न लावता शिकवलेलं लोणचं

मागच्या उन्हाळ्यात मी बाळापूरला आपल्या वस्तीत आले होते, तेव्हा तुमच्यातल्या एका मोठ्या माणसानं चारचौघांत सांगितलं, "वच्छला शिकाले गेली तवा अख्खी वस्ती स्टँडवर आली होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाहुणी होते, हातात कपबशी होती, म्हणून गप्प बसले. आता लिहिते. ते खोटं आहे. त्या सकाळी स्टँडवर माय होती आणि बाबा होते. तिसरं माणूस नव्हतं.

जून महिना होता. बाबांनी माझी पत्र्याची पेटी वस्तीपासून खांद्यावर आणली आणि अकोल्याच्या गाडीच्या टपावर स्वतः चढून बांधली, कारण क्लीनर म्हणाला होता, "तुमची पेटी तुमीच चढवा." मायनं खिडकीतून गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. वस्तीतून निघताना निम्मी दारं लागलेली होती, आणि जी उघडी होती त्यांतून जे ऐकू आलं ते मला अजून पाठ आहे. "मॅट्रिक झालेली पोरगी. मास्तरीण होयाचं सोडून सरकारी खर्चानं लोनचे घालाले चालली." "सायकल चालवा लागते म्हने तिथं." "हिच्याशी आता कोन लगन करन?" कोण काय बोललं ते मी लिहीत नाही. ज्याचं त्याला माहीत आहे. तुमच्यातले जे माझ्यामागून पुण्या-मुंबईला गेले, त्यांना निरोप द्यायला मात्र गर्दी झाली असं ऐकते. चांगलं झालं.

गाठोड्यात वाळवलेल्या वांग्याच्या फोडी होत्या, अंबाडीचा वाळलेला पाला होता, चिंचेचे गोळे होते, आणि एका चिंधीत राखेत घोळलेलं बी होतं. भोपळा, दोडका, वांगी, अंबाडी, चवळी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माय म्हणाली, "बी कवा खाऊ नको. किती बी भूक लागली तरी बी खाचं नाई. पेराचं." गाडी हलली तेव्हा बाबा फक्त म्हणाले, "पत्र टाकजो. वाचून घीन कोनाकडून तरी."

ग्रामसेविका हा शब्द तेव्हा नवीनच होता. खेड्यात राहायचं, बायांना परसबाग, खताचा खड्डा, बिनधुराची चूल, लोणची-मुरंबे, पोरांची निगा शिकवायची, आणि सरकारी पगार घ्यायचा, अशी ती नोकरी. त्याचं वर्षभराचं ट्रेनिंग अमरावतीला होतं. आम्ही पंचवीस-तीस मुली होतो. आपल्यातली मी एकटी.

पहिल्याच आठवड्यात आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "अन्न टिकवण्याचे कोणते प्रकार तुमच्या घरी होतात?" मुली सांगत गेल्या. पापड, कुरड्या, मोरावळा, लिंबाचं लोणचं. माझी पाळी आली. आमच्याकडं लोणच्याला तेल कधी होतं? मी जे लहानपणापासून पाहिलं होतं तेच सांगितलं. बौद्ध धर्माच्या दीक्षेच्या आधी आमच्या वस्तीत चान्या करायचे. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर उन्हात घालायच्या. मी सहा वर्षांची असताना हातात काडी घेऊन कावळे हाकलत त्या दोरीखाली बसायची. माय-बाबा दीक्षा घेऊन आले त्या दिवशी मायनं ती दोरी चुलीत घातली आणि पुन्हा तसलं मांस घरात आलं नाही. हे सगळं मी सरळ सांगितलं. मुलींच्या वह्या उघड्या होत्या. बाई म्हणाल्या, "हे लिहून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी फळ्यावर लिहिलं: पदार्थातलं पाणी काढून टाका, मीठ वापरा, ऊन आणि वारा लागू द्या, माशा व पक्षी यांपासून जपा. मुलींनी लिहून घेतलं. मीही लिहिलं. त्या दुपारी जेवताना माझ्या शेजारची मुलगी ताट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली, आणि वर्ष संपेपर्यंत माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी राहिली.

पण मी शिकले. रागानं शिकले. बाटल्या उकळून स्टरिलाइज करायला, मेणानं झाकण बंद करायला, कवठाची जेली आणि लिंबाचं स्क्वॅश करायला शिकले. सायकलवरून दोनदा पडून तिसऱ्यांदा चांदूर रस्त्यावर चार मैल गेले. मेळघाटाच्या पायथ्याशी दहा दिवसांचं शिबिर झालं. तंबू ठोकणं, गाठी मारणं, रेती आणि कोळशाच्या तीन मडक्यांतून पाणी गाळणं, सगळं तिथं केलं. ओली लाकडं पेटवायची स्पर्धा होती. सगळ्यांच्या आधी माझी चूल पेटली. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या झाल्यावर दोन मुली आल्या आणि म्हणाल्या, "तू आता तिकडे बैस. स्वयंपाक आम्ही करतो." माझ्या विस्तवावर त्यांनी भात रांधला.

वर्ष संपलं आणि मला गाव मिळालं. बार्शीटाकळीपासून आत, बैलगाडीच्या वाटेनं तीन कोस. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आजही तिथली माणसं हयात आहेत, आणि त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही.

मी पांढऱ्या लुगड्यात, निळ्या काठाच्या, सायकल हातात धरून गावात शिरले तेव्हा बायांनी माझं स्वागत केलं. पाटलीणबाई, म्हणजे सरपंचाची बायको, स्वतः ओट्यावर आली. महिला मंडळाची अध्यक्ष तीच होती. तिनं गूळपाणी मागवलं. मग विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?" मी सांगितलं, "बौद्ध." गूळपाणी घेऊन आलेली सून उंबऱ्यातच थांबली. पाटलीणबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि ती तांब्या घेऊन आत परत गेली.

मला राहायला खोली मिळाली ती कोंडवाड्याला लागून. मोकाट जनावरं कोंडायची ती जागा. मधे फक्त एक काड्यांचा कूड होता. गावच्या विहिरीवर मला मनाई झाली. आपली वस्ती नाल्यापलीकडं होती. तिथल्या चार घरांनी मला पाणी दिलं, तर पाटलानं त्यांना कामावर बोलावणं बंद केलं. ती माणसं मला येऊ नको म्हणाली नाहीत. मीच जाणं थांबवलं. नाल्याच्या रेतीत हातानं खड्डा खोदला, झिरपून येईल ते पाणी वाटीनं भरलं आणि तीन मडकी एकावर एक मांडून गाळून प्याले. शिबिरात शिकलेलं असं कामी आलं. गावातला वाणी मला मीठ-मिरची उंबऱ्याबाहेर कागदावर ठेवून द्यायचा. पुढं त्यानं तेही बंद केलं. ज्वारी मी बार्शीटाकळीच्या बाजारातून सायकलवर आणायची. बाकी जे खाल्लं ते मायच्या चिंधीतल्या बियांचं.

खोलीमागं दगडगोट्यांची जागा होती. मी ती खणली. शेण तर कोंडवाड्यात हवं तेवढं होतं. खताचा खड्डा केला, वाफे पाडले. आंघोळीचं पाणी वांग्याला, भांड्यांचं भोपळ्याला. दिवाळीच्या सुमारास माझ्याकडं एवढी भाजी झाली की मला एकटीला संपेना. मग वाळवायला लागले. गावातल्या बाया वाटेनं जाताना मान वळवून पाहायच्या. त्यांच्या परसात तेव्हा अळूचं पानही नव्हतं.

तरी वर रिपोर्ट द्यायचा होता, म्हणून वर्ग झाले. वर्ग भरायचा पाटलाच्या अंगणात. पहिल्या दिवशी पाटलीणबाई म्हणाली, "तू दुरून सांग. हात कशाले लावू नको." मी विचारलं, "हात न लावता कसं शिकवू?" ती म्हणाली, "तोंड हाय न तुले?"

मग मी तुरीची वाळलेली काडी घेतली. ती तुराटी हातात धरून, अंगणाच्या कडेला उभी राहून, मी त्या बायांना वर्षभर शिकवलं. ही फोड बारीक करा. तो वाफा अजून खोल. बरणी उन्हात पालथी घाला. मी काडीनं दाखवायची आणि त्यांचे हात चालायचे. माझी बोटं हळदीच्या पिवळ्या डागांची राहिली असती, ती वर्षभर स्वच्छ राहिली. त्या स्वच्छ बोटांचा मला जितका संताप यायचा तितका शिव्यांचाही आला नाही.

एक बाई मात्र वेगळी वाटली. गूळपाण्याचा तांब्या परत नेणारी ती सून. कमल तिचं नाव. माझ्याच वयाची. शेणाची पाटी उकिरड्यावर टाकायच्या निमित्तानं ती कोंडवाड्याकडं यायची आणि कुडापलीकडून विचारायची. "भोपय्याचं फूल गळून काहून राह्यलं?" "अंबाडी वाळवू त काळी पडते, काय करू?" मी सांगायची. ती बी मागायची. मी बी वरून तिच्या पदरात सोडायची, बोटाला बोट लागू न देता. तिनं सासूच्या परसात चोरून चार वाफे केले आणि दोडके लागले तेव्हा मला सांगायला धावत आली. त्या गावात माझ्याशी कामाशिवाय बोलणारी ती एकटी होती. ती माझी मैत्रीण आहे असं मला वाटायला लागलं. हा मूर्खपणा माझा. तो मी कोणावर ढकलत नाही.

चैत्राच्या शेवटी पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या पंक्तीसाठी कैरीच्या लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या घालायच्या ठरल्या. मी तुराटी घेऊन कडेला उभी. कैऱ्या धुवून फडक्यानं कोरड्या करा. मीठ कमी पडू देऊ नका. तेल गरम करून गार करा. फोडींच्या वर बोटभर तेल दिसलं पाहिजे. डाव कोरडा पाहिजे, हात कोरडा पाहिजे, पाण्याचा एक थेंबही आत गेला तर सगळं जाईल. हे मी तीनदा सांगितलं. बरण्या भरून झाल्या, फडकी बांधली.

आठ-दहा दिवसांनी कमल कुडाशी आली. तोंड उतरलेलं. "ताटात वाढाले लोनचं काढलं. डाव धुतला अन् तसाच घातला. घाई होती. होते काय त्यानं?" मी म्हणाले, "होते. वरच्या फोडी काढून टाक, ताजं तेल कढव, गार कर अन् ओत. आजच कर." ती म्हणाली, "सासूच्या डोळ्यादेखत कसं करू?" आणि गेली. तिनं काही केलं नाही.

लग्नाला चार दिवस राहिले असताना मला बोलावणं आलं. भर दुपारची वेळ. पाटलाच्या अंगणात वीस-पंचवीस बाया जमलेल्या. मधे बरणी. फडकं सोडलेलं. वर पांढरी बुरशी चढली होती आणि वास अंगणभर होता.

"पाह्य," पाटलीणबाई म्हणाली, "तुह्या शिकवल्याचं फळ."

मी म्हणाले, "दुसरी बरणी कशी आहे?"

"ते चांगली हाय."

"मग शिकवणं तर दोन्हीचं एकच होतं."

"तुही सावली पडली असन हिच्यावर. मी तवाच म्हनत होती, हिले अंगनात घेऊ नका. माह्या पोरीच्या लग्नाचा सगुन नासवला हिनं."

बाया पुटपुटायला लागल्या. मी कमलकडं पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती. मला वाटलं, बोलेल. मी खरोखर थांबले तिच्यासाठी. ती पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिली. मला ठाऊक होतं, नाव घेतलं तर तिला सासरी काय भोगावं लागेल. हेही ठाऊक होतं की गप्प बसले तर सावलीची गोष्ट गावात कायमची खरी होईल, माझ्यानंतर नाल्यापलीकडच्या कुठल्याही बाईवर उलटेल. आणि सगळंच खरं सांगायचं तर, मला राग आला होता. मी म्हणाले, "सावलीनं लोणचं नासत नाही. ओल्या डावानं नासते. तुमच्या सुनेनं ओला डाव घातला. तिनं मला स्वतः सांगितलं."

सगळ्या कमलकडं वळल्या. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं सरळ पाहून म्हणाली, "मी हिच्याशी काहून बोलू? मी त्या कोंडवाड्याकडं जात बी नाई."

कोणाला शंका आली नाही. एकीनं माझ्या हातातली तुराटी हिसकावली आणि मोडून टाकली. मी सायकल घेऊन खोलीवर आले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ज्वारी घेऊन दुपारी परतले तर कोंडवाड्याचं फाटक सताड उघडं. आतली सगळी जनावरं माझ्या वाफ्यांत. भोपळ्याचे वेल ओढून काढलेले, वांगी तुडवलेली, अंबाडी मुळापर्यंत खाल्लेली. एक म्हैस खताच्या खड्ड्यात बसली होती. राखणदार बिडी ओढत म्हणाला, "दोर सुटला बाई. मुकं जनावर हाय, त्याले काय समजते?"

मी तालुक्याला जाऊन लेखी तक्रार दिली. साहेबांनी वाचली. म्हणाले, "तुम्ही त्यांच्या घरच्या सुनेचं नाव चारचौघांत घ्यायला नको होतं. ग्रामसेविकेनं ॲडजस्ट करून घ्यायचं असतं." मी विचारलं, "अजून किती?" त्यांनी कागद ट्रेमध्ये ठेवला. पंधरा दिवसांत माझी बदली मेळघाटात धारणीला झाली. पाटलाच्या घरून कोणाची बदली झाली नाही.

निघायच्या आधी माय आली. पत्र कोणीतरी वाचून दाखवलं होतं. ती वाफ्यांच्या कडेला उभी राहिली आणि सगळं पाहून घेतलं. मला वाटलं, आता ती रडेल, मलाही रडता येईल. तिनं पदर खोचला. "इळा आन," म्हणाली. "जनावरानं तुडवलं म्हनून टाकू नको. धू, चीर, वाळव."

मी चिडले. "मला या मातीतलं काही नको."

"माती त्यायची हाय. मेहनत तुही हाय. ते काहून सोडतं?"

तीन दिवस आम्ही दोघी फुटकी वांगी निवडत होतो, चिखल धूत होतो, चकत्या करून गोणपाटावर घालत होतो. वाटेनं जाणाऱ्या बाया पाहत होत्या. मायनं एकीकडंही मान वळवली नाही. अर्धं पोतं भरलं. धारणीला पहिल्या पावसात रस्ता तुटला, पंधरा दिवस गाडी आली नाही, तेव्हा मी तेच खाऊन राहिले. चव चांगली होती. मला ती चांगली लागावी असं वाटत नव्हतं.

धारणीला मी चार वर्षं काढली. मलेरियानं दोनदा आडवी पडले. तिथं मी शिकवलं कमी आणि शिकले जास्त. कोरकू आदिवासी बायांनी मला मोहाची फुलं कशी वाळवायची ते दाखवलं, रानातला कडू कंद किती पाण्यांतून उकळला की खाण्याजोगा होतो ते दाखवलं. माझं लिंबाचं स्क्वॅश चाखून त्या पोट धरून हसल्या. त्यांनी माझा हात धरून टोपलीत घातला आणि कोणतं फूल चांगलं ते बोटांनी ओळखायला लावलं. तो हात धरला तेव्हा मी दचकले. त्याची लाज वाटते मला.

मग अमरावतीला त्याच ट्रेनिंगवर शिकवायला आले. गावाबाहेर प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या. बाबा वारले तेव्हा मायला घेऊन आले. आता आमच्या मागं वाफे आहेत, गवार आहे, वांगी आहेत, दारात कढीपत्ता आहे. वर्गात मुली लोणची घालतात, मी त्यांच्या बरण्यांत हात घालून मीठ चाखते. अजून एखादी मुलगी ताट सरकवते. मी तिला त्याच जागी परत बसवते. नाही बसली तर रिपोर्टमध्ये लिहिते. मुली मला कडक म्हणतात. म्हणोत.

गेल्या श्रावणात फाटकाशी एक बाई आली. हातात गाठोडं. मी ओळखलं नाही. "ताई," ती म्हणाली, "मी कमल." पूर्वी तिनं मला कधी कसलीच हाक मारली नव्हती. तिच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन होतं, सरकारी दवाखान्यात. शहरात ओळखीचं कोणी नाही. माझा पत्ता तिनं ट्रेनिंगच्या शिपायाकडून काढला. "आठ रोज राहू द्या."

मी काही बोलायच्या आत मायनं तिला आत घेतलं, पाण्याचा तांब्या दिला. तिनं तो बाहेर नेला, पायावर ओतला. प्याली नाही. मी पाहिलं. संध्याकाळी मायनं ताट वाढलं तर म्हणाली, "उपास हाय माहा."

"कशाचा?" मी विचारलं.

"असाच."

सकाळी तिनं गाठोड्यातून पातेली काढली आणि मायला म्हणाली, "अंगनात तीन इटा मांडू काय? पीठ माह्याजवळ हाय. वांगे तेवढे तुमच्या वाफ्यातले घीन."

मी दारात येऊन उभी राहिले. "वांगं माझ्या हातचं चालते. भाजी नाही चालत?"

"तसं नाई ताई. घरी समजलं त..."

"घरी कोण सांगणार? मी?"

ती खाली पाहत राहिली. त्या अंगणात पाहत होती तशीच. मग मी विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं होतं. "त्या दिवशी खोटं काहून बोलली तू?"

"खरं बोलली असती त मारलं असतं मले."

"आणि मला?"

तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हे मी आजही सांगते. ती अगदी सहज म्हणाली, "तुमाले त सवय होती न."

मी म्हणाले, "या घरात चूल एकच आहे. जेवायचं तर त्या चुलीवरचं. नाहीतर स्टँडजवळ धर्मशाळा आहे."

तिनं पातेली गाठोड्यात बांधली. फाटकापाशी एकदा थांबली. मी हाक मारली नाही.

मायनं हाक मारली असती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू त्यायच्यासारखीच झाली." मग फडक्यात दोन भाकरी आणि भाजी बांधली, चपला घातल्या आणि रस्त्यानं तिच्यामागं गेली. अर्ध्या तासानं परत आली. हातात फडकं नव्हतं. कमलनं भाकरी खाल्ली, की पुढच्या वळणावर टाकली, मायनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मायचं ते वाक्य मला लागलं. अजून लागतं. पण ते खरं नाही असं मी तुम्हाला सांगते. त्यांनी मला माझ्या जन्मावरून बाहेर ठेवलं. मी तिला तिच्या बोलण्यावरून बाहेर काढलं. तिची जात मी विचारली नव्हती. तिला माझी आठवत होती. मायला हा फरक पटत नाही. ती म्हणते, तिचा नवरा दवाखान्यात होता, ते आधी पाहाचं होतं. कदाचित असेल. मी पाहिलं नाही.

तुम्ही पत्रात लिहिता, "आपल्या घरी कवा येतेस?" मी घरीच आहे. बाळापूर माझं गाव आहे, तिथं बाबांची माती आहे, बोलावलंत तर येईन आणि चहा पिऊन परत जाईन. पण स्टँडवर अख्खी वस्ती आली होती असं पुन्हा कोणी म्हणालं, तर तिथंच सगळ्यांसमोर खोटं म्हणेन. माझं घर हे आहे. इथं मी एखाद्याला नाही म्हणू शकते, आणि ते न ऐकता माझी माय भाकरी बांधून बाहेर पडू शकते. त्या गोष्टीवरून आम्ही अजून भांडतो. कालही भांडलो. मग ती वाफ्यांना पाणी घालायला गेली, मी भाकरी थापल्या, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.